अकरा दिवस एकाच गल्लीत

हॅलो?… बोल गं ठमे… थांब, इथे जनरेटरचा आवाज फार आहे, गाडीतून खाली उतरते… काका, पाच मिनिटं, पुढच्या बाईंना बसवून ठेवा… हां, बोल आता.

आधी नाक पूस बघू. मला एक अक्षर कळत नाहीये… हो… हो… कोण, पाळणाघरवाल्या बाई? काय म्हणाल्या, जसंच्या तसं सांग.

'स्वतःहून राजीनामा लिहून दे, म्हणजे तुलाही बरं आणि आम्हालाही'… वा रे वा. गळा कापायचा तोही गोड बोलून. आणि कधीपर्यंत?… आज पाचच्या आत. हं. म्हणजे पालक पोरांना न्यायला आले की कागद दाखवायला बरा.

अगं, पण तुझा रिपोर्ट स्वच्छ आहे. आमच्या तपासणीच्या गाडीत एक्स-रे मीच काढलाय तुझा… दाखवलास? मग?… हातातसुद्धा घेतला नाही? 'टेबलावर ठेव' म्हणाल्या… आणि नंतर हात धुतले. तुझ्यासमोर.

आणि पाळणाघरातली ती नकटी? तुझ्या खांद्याशिवाय डोळा मिटत नाही तिचा. तिला कोण झोपवतंय आज?… रडून रडून घसा बसला असेल पोरीचा. नको, नको, तू नको आता परत सुरू होऊस. ऐक ना…

हो गं, वाचला पेपर. 'टीबीचं माहेरघर, लाँड्रीवाल्यांची गल्ली.' एवढाल्या टायपात. शहरातल्या तेवीस रुग्णांपैकी बावीस तुमच्या गल्लीतले. आणि खाली काय तर, हे लोक मळक्या चादरींत दिवस काढतात, दाटीवाटीने राहतात, तब्येतीबाबत बेफिकीर असतात. ठमे, बेफिकीर म्हणे. भर उन्हात रांगा लावून तपासून घेतलं ते बेफिकीर, आणि जे गाडीकडे फिरकले नाहीत ते धडधाकट. अक्कल गहाण ठेवून लिहिलंय सगळं.

काय?… नाही, तुमच्या गल्लीत काही 'आहे' वगैरे नाही. कोण म्हणतं, तुझा नवरा? त्याला म्हणावं, दोन घास खा आणि गप्प बस… बरं, तुला सांगते. लहानपणी आई उवा बघायची ना? समज, तिनं रोज तुझंच डोकं विंचरलं आणि माझ्या डोक्याला फणीच लावली नाही. मग घरात उवा कुणाला? ठमीला. मी सोज्वळ… हस, हस. हसलीस ना जराशी.

तसंच आहे हे. गाडी अकरा दिवस तुमच्या गल्लीत उभी होती. बाकीच्या सतरा भागांत कालपर्यंत एक तास नाही, इथे बाजारात आजच लागलीये. तो तेविसावा तरी कोण, तुमच्या गल्लीत मेव्हण्याकडे आला होता म्हणून रांगेत लागला. जिथे बघितलं तिथे सापडले. सकाळीच पेपरवाल्याला फोन केला. म्हटलं, बाकी सतरा भाग अजून तपासलेच नाहीत, एवढं एक वाक्य छापा. म्हणतो, 'आमचे आकडे खोटे आहेत का?' आकडे खरेच आहेत की. मग म्हणतो, जागा नाही.

…

हो, गाडी तुमच्याचकडे आधी का आली, बरोबर आहे तुझा प्रश्न.

जरा बाजूला येते, इथे काका ऐकतायत.

ठमे, मी आणली. यादीत तुमची गल्ली नववी होती. मी डॉक्टरसाहेबांच्या मागे लागले, आधी तिथे चला म्हणून. सांगितलं, जमीन सपाट आहे, लाँड्रीतून वीज मिळेल, सावली आहे. सगळं खरंच होतं गं, पण कारण ते नव्हतं. शेजारचे आजोबा भिंतीपलीकडे खोकतात असं तू म्हणाली होतीस, तेव्हापासून माझी झोप उडाली होती. वाटलं, आधी माझ्या माणसांचं होऊ दे, मग जगाचं.

थांब, अजून आहे. सांगू दे मला, नाहीतर परत धीर व्हायचा नाही. आकडेसुद्धा मीच दिले त्या पेपरवाल्याला. फुशारकी मारत. 'बघा, एका गल्लीत बावीस जण वेळेत सापडले, सगळ्यांना औषध सुरू झालं.' मला वाटलं, कौतुक छापेल. तुझी नोकरी माझ्या तोंडामुळे चालली, ठमे. बोल काय बोलायचं ते.

…

हव्या तर शिव्या दे.

…आजोबा? बरे आहेत का?… औषध घेऊन रात्रभर झोपले? खोकला नाही?… हो का… बरं झालं गं. फार बरं झालं.

…काय?… माझा? माझा एक्स-रे?

…

नाही काढला… नाही, कधीच नाही… अगं, आम्ही काढणारे. आम्हाला कोण विचारतं… दिवसाला सत्तर-ऐंशी जण माझ्यासमोर खोकून जातात, खरंय तुझं… लावते मास्क. उकडलं की काढते कधी… ओरडू नकोस गं, लोक बघतायत… हो. चुकलं. काढते आजच. दुसरी टेक्निशियन येईल दुपारी, तिला सांगते.

…खरं सांगू? भीती वाटते. इतक्यांना सांगते, काही नसतं, असलं तरी औषधाने बरं होतं. पण आपली वेळ आली की तेच मला खरं वाटत नाही.

…तू येतेस? इथे?… अगं, पण पाचच्या आत तो राजीनामा… काय म्हणालीस? परत सांग… 'मी लिहून देणार नाही. तुम्हीच काढून टाका, आणि का काढलं ते सहीनिशी लिहून द्या'… असं म्हणणार तू बाईंना? तू?… नाही गं, हसत नाहीये. डोळ्यात पाणी आलंय माझ्या… हो, पाच वाजता मी येते तुझ्याबरोबर. दोघी उभ्या राहू. नाही लिहून दिलं तर दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं… हो, नकटीपाशी. बघू कोण हात धरतं ते.

ये मग, दोनपर्यंत. बाजाराच्या मागच्या मैदानात आहे गाडी… नाही, आत येता येत नाही एक्स-रे चालू असताना. दाराबाहेर थांबावं लागतं… हो, आवाज येतो आत.

ठमे, एक करशील? रोज मीच सगळ्यांना सांगते, श्वास घ्या, धरून ठेवा, आता सोडा. आज मला तू सांग.

…हो. ये. ठेवते.