नहीं आई

आमची आई घाबरली की सगळ्यात आधी तिचं हिंदी पळून जातं.

तेव्हा ती नुकतीच गाडी शिकली होती. एका सकाळी तिने किल्ली फिरवली आणि इंजिन खडखडायला लागलं. "माझ्याच हातून बिघडली," म्हणून तिने स्टिअरिंगला हात लावणंच सोडलं. बाबांचंही ऐकेना.

गाझियाबादच्या गॅरेजमधले पांढऱ्या दाढीचे मिस्त्री तिला म्हणाले, "बेटी, आपकी गलती नहीं है. कॅमशाफ्ट का अ‍ॅक्च्युएटर घिस गया है." इंजिनातला तो झिजलेला भाग काढून त्यांनी नवा बसवला आणि गाडी सुरू करायला आईलाच बसवलं. तिने डोळे घट्ट मिटून किल्ली फिरवली.

मिस्त्री इंजिनाजवळ कान नेऊन मला विचारत होते, "आवाज आई?" मी नकारार्थी मान हलवली. ते खुशीत ओरडले, "नहीं आई!"

"अहो, इथेच आहे की मी!" आई आतून कळवळून म्हणाली.

बाबांना हसू आवरेना. मी मिस्त्रींना सांगितलं, मराठीत आई म्हणजे माँ. मग ते पुढे स्टिअरिंगवर बसायला निघालेल्या बाबांना म्हणाले, "भाईसाहब, आप पीछे बैठिए. गाडी आई चलाएगी."