शर्यतीच्या गाडीवर भंडारा

गड्यांनो, माळावर मोटारींची शर्यत लागली, तवाची गंमत ऐका. विश्रामबागची एक पोरगी फोटू काढायला आलती. दिवसभर धुरळ्यात पालथी पडून हुती. शेजारी उभ्या आमच्या म्हाताऱ्या बिरूला म्हणाली, "आजोबा, बुडत्या सूर्यासमोरनं जाणाऱ्या गाडीचा एकच फोटो हवाय. आता ही शेवटची फेरी."

लाल गाडी सुसाट आली आणि बिरूनं, शर्यतीच्या बैलांवर उधळतो तसा, मूठभर हळदीचा भंडारा तिच्यावर उधळला.

"अहो, गेला माझा फोटो!" पोरगी किंचाळली. मग तिनं कॅमेऱ्यात बघितलं आणि तो आमच्यापुढं धरला. आमीबी वाकून बघितलं. सूर्य, धुरळा, हळद सगळं एक झालतं आणि त्यातनं गाडी झेप घेत हुती. लय देखणा फोटू!

"आजोबा, कसं सुचलं तुम्हाला?"

बिरू म्हणाला, "सुचतंय कशाचं, बाळ? एवढी जीव तोडून पळाली, तिला तशीच कशी जाऊ द्यायची?"