बियाण्याच्या कणगीतली पत्रं

कोणीतरी कुठेतरी बसून ठरवलंय की साखरपुडा म्हणजे काहीच नाही — आणि ज्यानं ठरवलं त्याला आयुष्यात कधी वाट बघत पत्र लिहावं लागलेलं नाही, हे मी तुम्हाला सांगते. नाही, बसा, बसा. त्या खुर्चीचा पाय जरा हलतो, सांभाळून. आतल्या मंडळींनी आपल्याला बोलायला वेळ दिलाय ना, मग बोलूनच घेऊ या. तुम्ही किन्हवलीला राहता, कल्याणला नोकरीला जाता, ते सगळं बायोडेटात वाचलंय मी, ते राहू दे. माझ्या बायोडेटात जे नाही ते सांगते — माझं एकदा ठरलं होतं. कळलंय तुम्हाला? अर्धंच कळलं असेल. मध्यस्थांनी ‘मुलगा गेला’ एवढंच सांगितलं असणार, जसा काही कामाला गेला. साईनाथ नाव त्याचं. वैशाखरे गावचा. फौजेत होता. अंगठी घातली, पेढे वाटले, आणि सुट्टी संपली म्हणून तो परत गेला. लग्न पुढच्या सुट्टीत.

वर चौकीवर फोन चालायचा नाही. खाली उतरला की करायचा, तोही घाईघाईत, मागे दुसरा उभा. म्हणून पत्रं. हसू नका — मला पण आधी हसायलाच आलं होतं, एम.ए. करणारी मुलगी पोस्टात जाऊन पाकिटं मागते म्हणजे काय. पत्त्यात गावाचं नाव नाही, नुसता त्याचा नंबर, युनिट आणि एपीओ, म्हणजे फौजेचं पोस्ट. आपलं बोलणं कुठे पोचतंय तेच माहीत नाही. मग सीमेवर पेटलं, टीव्हीवर लोक ओरडत होते, घुसा, घुसा — त्यांच्या घरचं कोणी वर नव्हतं. जाऊ दे. तो गेला. तिरंग्यात गुंडाळून आणला, गावात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि मला कुठे उभं करायचं ते कोणाला कळेना. बायकोच्या जागी उभी राहू शकत नाही, घरच्या बायकांत बसू शकत नाही — मी मागे उभी होते, बघायला आलेल्यांच्यात. मला त्याचं तोंडसुद्धा — नाही, ते नको.

मग त्याची पेटी आली. काळी, लोखंडी, वर पांढऱ्या रंगानं नाव. आत त्याचे कपडे, दाढीचं सामान आणि मी लिहिलेली सगळी पत्रं. आली त्याच्या आईकडे. बरोबरच आहे, वारस ती. पण अक्षर माझं, बोलणं माझं — मग पत्रं कोणाची? ज्याला ज्याला विचारलं त्यानं उलट मलाच विचारलं, लग्न झालं होतं का? म्हणून मी भांडायलाच गेले वैशाखऱ्याला. जनाबाई नाव त्याच्या आईचं. तिला आई म्हणायचं की मावशी, तेसुद्धा ठरलं नव्हतं आमचं. घरात एकटी. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि उठून बियाण्याच्या भाताची कणगी फोडली. कणगीचं तोंड शेणानं लिंपून टाकतात, पेरणीपर्यंत तिला हात लावत नाहीत, तुम्हाला मी काय सांगायचं. घरातली सगळ्यात जपायची जागा ती, म्हणून पत्रं तिथे, भातात खुपसलेली. म्हणाली, “न्यायची तर ने गो. पन मला वाचता येत नाय. एक वाचून दाव, मंग ने.”

एक वाचलं. नेलं एकही नाही. — कारण वाचून झाल्यावर तिनं विचारलं, मग त्यानं काय लिहिलं? आणि त्याची उत्तरं इथे, माझ्या कपाटात. पुढच्या महिन्यात ते उत्तर घेऊन गेले. तेव्हापासून तेच चाललंय — ती माझं काढते, मी त्याचं काढते, एकाला एक लावून वाचते. शेजारचं कोणीही वाचून देईल, पण तिला नको. मी तिला पत्रं ठेवायला घट्ट झाकणाचा डबा नेऊन दिला, सारखी कणगी फोडू नका म्हटलं. तिनं डब्यात मीठ भरलं. दर महिन्याला तोंड फोडायचं, पत्र काढायचं, पुन्हा लिंपायचं — बियाण्याला ओल लागली, कीड लागली, आणि यंदा पेरलं तेव्हा रोपांचं आवण निम्मंच उगवलं, मधे मधे नुसता चिखल. मी रडकुंडीला आले. ती म्हणते, नाय उगवलं तर नाय उगवलं, पुढचं वाच.

मागच्या वेळचं सांगते. हे माझ्या आईलाही सांगितलेलं नाही, तुम्हाला का सांगतेय कोण जाणे. एका पत्रात मी लिहिलं होतं की लग्नानंतर मी वैशाखऱ्याला राहणार नाही, शहापुरात खोली घेऊ, तुझ्या आईचं आणि माझं एका घरात जमायचं नाही. माझंच अक्षर. आणि समोर तीच बसलेली. गाळता आलं असतं, तिला काय कळणार होतं? पण त्या बाईशी खोटं बोलायचं नाही, एवढं एक माझ्याकडे शिल्लक राहिलंय — वाचलं. तिनं बोट त्याच्या उत्तराकडे केलं. त्यानं लिहिलं होतं, चालेल, तू म्हणशील तसं, आईला मी सांगेन, आत्ताच तिला कळू देऊ नको. तेही वाचलं. मला वाटलं, आता हाकलेल. तिनं पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, “घ्यायची व्हती खोली. शहापुरात का व्हईना, असता तर खरा.”

असता तर. — नाही, मी ठीक आहे. पाणी नको.

तर माझी अट एवढीच. महिन्यातला एक रविवार मी त्या घरी जाणार. सण असो, पाहुणे असोत, लेकरं झाली तर त्यांना कडेवर घेऊन. आता एकच पत्र राहिलंय, माझं, ज्याला उत्तर आलं नाही. ते वाचलं की ती विचारणार, मग त्यानं काय लिहिलं — तेव्हा मी तिथे असले पाहिजे. आणि त्याच्या पुढच्या महिन्यातही. तुम्ही काही म्हणणार होता का? थांबा, पुरतं ऐका आधी. तुम्ही मोठेपणानं हो म्हणायचं नाही, दया म्हणून तर मुळीच नाही, असल्या होकाराचं मी काय करू? हो तर हो, नाही तर चहा घ्या आणि — कोण? काकी? तुम्ही दारात कधीपासून उभ्या आहात? आत या ना. मी तुमच्या मुलाला तेच सांगत होते, की —

“आयकलं मी समदं. खोटी नायस तू. पन एवढ्या वेळात माझ्या पोराला तू एक तरी गोष्ट इचारलीस का गो?”