पुसायचं तर आधी मला पुसा!

नाही, मी म्हणते, नाडी न बघता माणसाला मेलेला ठरवता का हो तुम्ही? मग मेमरीला कसं ठरवता?... तुम्हाला सांगते, खराडीत आमची कंपनी, डेअरीवर दूध मोजायची मशीन बनवते, मशीनच्या पोटात फ्लॅश मेमरी, तिच्यात कुणी किती दूध घातलं त्याच्या नोंदी, आणि परवा वाघोलीकडचे डेअरीवाले जयसिंगराव मशीन काखोटीला मारून थेट माझ्या टेबलावर! "म्याडम, हे म्हनतंय मेमरी खराब! आख्ख्या गावाचं दूध हाय त्यात, लोकं सोलून काढतील मला!"

आमचे श्यामसुंदर सर, शनिवार पेठेतले, चष्म्यावरून बघत म्हणतात, "दीपमाला, मशीनच सांगतंय खराब, आपण कोण विचारणार? पुसून कोरी करून द्या." पुसून? अहो, गावाचं दूध आहे ते! मी म्हटलं, सर, मेमरी शाबूत आहे!

"पुरावा?" "गुरुवार!"... हसू नका! गुरुवारी आपल्याकडे वीज जाते, जाते तेव्हा मशीन नेमकं लिहीत असतं, शेवटची नोंद अर्धी राहते, वीज आली की आमचा तपासणारा प्रोग्राम ती अर्धी नोंद बघतो आणि लागतो बोंबलायला, खराब, खराब! अरे मेल्या, गॅस संपून शेवटची पोळी कच्ची राहिली, म्हणून डबाभर पोळ्या फेकून देशील?

सर म्हणाले, "वेळ घालवू नका." मी मशीन उचललं, छातीशी धरलं, म्हटलं, पुसायचं तर आधी मला पुसा! आणि बसले की तिथेच. प्रोग्रामला शिकवलं, बाबा रे, अर्धी नोंद अगदी शेवटची असेल तर तेवढी सोड, मागच्या सगळ्या तपास, मधलीच बिघडली असेल तर मार खुशाल बोंब. मशीन चालू केलं... आणि पडद्यावर आलं हो अख्खं गाव! जयसिंगराव वाचतच सुटले, "ही आनंदीबाई! ह्यो सोनबा!" त्यांच्या डोळ्यांत पाणी, आणि खरं सांगते, माझ्याही. कमरेवर हात ठेवून सरांना म्हटलं, मेमरी शाबूत आहे!

"असेल," सर म्हणाले. पेठेत याला कौतुक म्हणतात.

मग नवा प्रोग्राम सगळ्या मशीनवर चढवला. गुरुवार आला, वीज गेली, वीज आली, एकही मशीन बोंबललं नाही! मी पेढे आणायला निघाले, तर सर दारात, चष्म्यावरून बघत, "दीपमाला, एकही तक्रार नाही?"

"नाही सर!"

"गुरुवार असून?"

"हो सर!"

"मग तुमची तपासणीच खराब झालेली दिसते. पुसून टाका, जुनी चढवा."

...काय करता! बसलेय पुन्हा, मशीन छातीशी धरून.