एक रुपयाची सायकल

मंडळी, एक सांगा मला — घर सोडून गेलेल्या माणसाची वाट कुठवर बघायची? शास्त्र म्हणतं, बारा वर्षं. शेजाऱ्यांचं काय, त्यांना तिसऱ्याच दिवशी सगळं ठाऊक असतं! पण ज्याचं माणूस गेलं, त्यानं काय करावं? नाव पुसावं, की राखावं? ऐका तर!

कृष्णाकाठी एक गाव. गावात पंप बनवणारी कंपनी. तिथं हिशेबनीस होते त्र्यंबक उपळेकर. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. माणूस कसा? तांदूळ निवडायला बसवलात, तर खड्यांची नोंद ठेवील असा! कंपनीच्या स्थिर मालमत्तेचं रजिस्टर त्यांच्याकडे. स्थिर मालमत्ता म्हणजे काय? इमारत, लेथ, वजनकाटा, टेबल-खुर्च्या — जे विकायला नाही, वापरायला घेतलंय ते. आणि वापरलं की झिजणार! म्हणून दरवर्षी त्याची किंमत थोडी थोडी कमी करायची. याला म्हणतात घसारा. हसू नका! तुमचा-आमचा होत नाही घसारा? या आमच्या पेटीवाल्यांकडं बघा — लग्नाच्या फोटोत कुरळे केस आहेत म्हणे!

तर किंमत झिजत झिजत संपत आली, तरी तात्या वस्तूचं शून्य करायचे नाहीत. एक रुपया ठेवायचे. का? शून्य झालं की ओळ पुसली जाते, ओळ पुसली की वस्तू विसरली जाते. म्हणून एक रुपया. नावापुरता!

या तात्यांना धाकटा भाऊ, मुकुंदा. आईवडील लवकर गेले. तात्यांनीच त्याला वाढवला, कंपनीत चिकटवला. काम काय? टपाल पोचवायचं, बँकेत चेक भरायचे. कंपनीनं त्याला सायकल दिली — काळीभोर, दांडीवर पांढऱ्या रंगात कंपनीचा नंबर. पण मुकुंदा म्हणजे वारं हो! टपाल घेऊन निघाला की वाटेत नाटकाची तालीम लागे, कुस्तीचा आखाडा लागे, बँक तेवढी लागायची नाही! एक दिवस मोठा चेक खिशातच राहिला. साहेब तात्यांना बोलले. तात्या आधीच कडक, त्यात भावापायी बोलणी खाल्लेली. भरल्या ऑफिसात कडाडले —

"तुझ्यापेक्षा ती सायकल बरी! तिला निदान किंमत तरी आहे. जा, तोंड काळं कर! पण सायकल कंपनीची आहे, ती तेवढी जागेवर आणून ठेव!"

मुकुंदा नुसता हसला. "ठेवतो हां, दादा." बाहेर गेला, सायकलवर टांग टाकली, आणि गेला तो गेलाच. ना मुकुंदा आला, ना सायकल!

अहो, जिभेला हाड नसतं म्हणतात. नसतंच! पण तिच्या एका फटक्यानं घर मोडतं.

शोधलं. पुण्यात शोधलं, मुंबईत शोधलं, आखाड्यांत, नाटक मंडळ्यांत विचारलं. पत्ता नाही. इकडं वर्षामागून वर्षं. दर मार्चअखेरीला तात्या रजिस्टर घेऊन फिरायचे, एकेक वस्तू डोळ्यांनी बघायची आणि खूण करायची. सायकलच्या ओळीशी आले की लिहायचे — 'बाहेर गेली आहे.'

हिशेब तपासणारे चेष्टा करायचे. "तात्या, मालमत्ता स्थिर, आणि सायकल अजून बाहेरच?"

"येईल," तात्या म्हणायचे.

घसारा कुणासाठी थांबतोय? सायकलची किंमत झिजत झिजत एक रुपयावर आली. पण तात्यांचं झुरणं रुपयाभरही कमी झालं नाही. संध्याकाळी जेवायला बसले आणि रस्त्यावर सायकलची घंटी वाजली, की हातातला घास हातात. "कोण गं?" बायको शालन खिडकीतून बघायची. "दूधवाला." मग घास तोंडात. फाटकाची कडी मात्र त्या घरात कधी लागली नाही. वहिनी होती ना ती! वहिनीचा जीव दिरासाठी कसा तुटतो, ते इथं बसलेल्या वहिन्यांना विचारा.

पुढं काय झालं? कंपनी विकायला निघाली! मालमत्तेची किंमत ठरवायला पुण्याहून एक तरुण मुलगी आली, केतकी वाघोलीकर. हुशार, आणि बोलणं मोजकं, एक शब्द जास्तीचा नाही! लेथ बघितला, छप्पर बघितलं, वजनकाटा बघितला. मग म्हणाली, "काका, ही सायकल दाखवा."

"बाहेर गेलीय."

"कधीपासून?"

तात्या रजिस्टरची पानं चाळू लागले.

"वस्तू दिसली नाही तर मला ती खोडावी लागेल. हरवली, कायमची वजा केली, असं लिहून इथं तुमची सही."

तात्यांनी पेन हातात घेतलं. मंडळी, आयुष्यभर सह्या केलेला हात तो! पण पेन हलेना. म्हणाले, "बाई, सगळं खोडा. ही माझी खुर्चीसुद्धा खोडा. पण ही ओळ नको."

"का, काका?"

आणि एवढ्या वर्षांत जे बायकोपाशी बोलले नव्हते, ते परक्या पोरीपाशी बोलले. सगळं सांगितलं. म्हणाले, "जाताना त्याला सांगितलं होतं, सायकल जागेवर आणून ठेव. ही ओळ आहे तोवर त्याचं इथं एक काम बाकी आहे. ओळ गेली, तर तो कशासाठी येईल?"

पोरीनं सहीचा कागद बाजूला सारला. मग म्हणाली, "चालू मालमत्तेत नाही धरता येणार. पण भंगारात विकायची एक वेगळी यादी आहे. साहेबांना विचारून, सापडत नाही असं स्पष्ट लिहून, तिच्यात घालते. लिलाव होईल. कुणीही घ्यावी. तुम्हीसुद्धा."

"नसलेली सायकल विकतात होय?"

"लिलावाची अटच असते, काका. जशी आहे तशी, जिथं आहे तिथं."

लिलावाचा दिवस. भंगारवाले जमलेले. सायकल पुकारली, आणि हशा पिकला! मागून तात्या म्हणाले, "एक रुपया." भंगारवाला ओरडला, "तात्या, न्यायला टेम्पो पाठवू का?" सगळे हसले. तात्याही हसले, आणि हसता हसता उपरण्यानं डोळे पुसले.

पावती घेऊन घरी आले. "शालन, सायकल आपली झाली."

शालननं पावती वाचली. "म्हणजे आता भावजींनी ती परत नाही केली तरी चालेल?"

"चालेल."

"मग हे त्यांना कोण सांगणार हो?"

अरे! काय विचारलं बघा त्या माउलीनं! तात्या कागद-पेन घेऊन बसले. आणि दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या — 'मुकुंदा, सायकल आता आपली आहे. जागेवर आणायची नाही. मोडली असेल, विकली असशील, तरी चालेल. मी बोललो ते चुकलं. तू नुसता ये. — दादा.'

आला का? पुढच्या आजी पदर डोळ्यांना लावून तेच विचारताहेत. आजी, मला ठाऊक नाही. शेवटचं ऐकलं तेव्हा फाटकाची कडी काढलेलीच होती.

पण मी तुम्हाला विचारतो — तुम्ही कुणाची सायकल घेऊन निघाला आहात? हा देह कुणाचा? त्यानं दिला, आपण टांग टाकली आणि जत्रेत शिरलो! आता घंटी वाजत नाही, चाकं झिजली, आणि परत जायची लाज वाटते. होय ना? अरे वेड्यांनो, त्यानं तुम्हाला केव्हाच घेऊन टाकलंय! जसे आहात तसे, जिथं आहात तिथं! तो मोडतोड मोजत नाही. तो रस्त्याकडं कान लावून बसलाय.

आणि तुमच्या वहीत? कुणाला शून्य केलंय? भावाला? सुनेला? कडी आतून कुणी लावलीय?

टाळ मागाहून वाजवा. आधी घरी जा, आणि ती कडी काढा.