जिरवायला घेतलेली पिवळी

नको गं लुलवा, ती खालची गादी मला नको, खुर्ची दे, साधी लाकडी दे, पण उंच दे... खाली बसले ना की मी उठतच नाही हल्ली, दोघींनी दोन बाजूंनी धरून ओढावं लागतं, आणि हसू नका, वयाचा काही संबंध नाही, हे सगळं त्या पिवळीमुळे झालंय. कुठली पिवळी काय विचारता, दाराशी उभी आहे ती, अख्ख्या गल्लीला कळलं मी आले ते, समोरच्या घरातलं तान्हं पोर दचकून उठलं, तुम्हालाच तेवढं कळलं नाही? मी चालवते ती. मी. या वयात. आणि का चालवते ते सांगते, आधी कॉफी ओत... काय म्हणालीस, बांगडी? हो हो, छान आहे, बांगडीचं नंतर, आधी माझं ऐकून घ्या.

तर ती सबीका. माझी धाकटी जाऊ. तुम्ही तिला लग्नाकार्यात बघितलीय, ती सगळ्यांच्या आधी येऊन सोफ्याची मधली जागा धरते ती. दर शुक्रवारी सासूबाईंकडे आम्हा सगळ्यांचं जेवण असतं, मुलगे, सुना, नातवंडं, मच्बूसची, म्हणजे मटण-भाताची परात आणि कोपऱ्यात बसून सगळ्यांवर नजर ठेवणाऱ्या सासूबाई. त्या शुक्रवारी मी माझी पांढरी घेऊन गेले. नवी कोरी, दोन दारांची, पाय ठेवला की उधळणारी, आणि माझी. म्हणजे माझी हो, तीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून, खडूची धूळ खाऊन, माझ्या पैशांनी घेतलेली, बू-सालेमची एक दमडी नव्हती त्यात. नवरा असला म्हणून काय झालं, त्यांना मी किल्लीला हातसुद्धा लावू दिला नव्हता.

सबीका अंगणात आली, गाडीभोवती एक फेरी मारली, टपावरून असा हात फिरवला आणि म्हणाली, “माशाल्लाह नौरिया, काय गाडी आहे गं.”

आता मला सांगा, कुणी आपली वस्तू नावाजली की आपण काय म्हणतो? तुझीच आहे, ने की. म्हणतो ना? आणि समोरची काय म्हणते? नाही गं, तुलाच शोभते. झालं, संपलं, आत चला जेवायला. माझ्या आईने आयुष्यभर अख्खं घर रोज लोकांना देऊन टाकलं, पडदे दिले, झुंबर दिलं, एकदा तर माझ्या वडिलांनाही दिलं होतं, आणि घरातला एक चमचा कधी हलला नाही. तशीच मीही म्हणाले, हसून म्हणाले, “तुझीच आहे, ने की.”

आणि तुम्हाला सांगते... तिने हात पुढे केला. “खरंच?” म्हणाली. “मग किल्ली?”

मला वाटलं थट्टा करतेय. मी हसले. तीही हसली, पण हात तिथेच. सगळं घर बघत होतं, सासूबाई दारात जपमाळ घेऊन बसल्या होत्या, त्यांची बोटं थांबली. आता शब्द मागे घ्यायचा? सासरच्या अंगणात, चौदा माणसांसमोर म्हणायचं, की बाई गं, मी नुसतं बोलायला म्हणून बोलले? दिली. किल्ली दिली आणि गाल दुखेस्तोवर हसत राहिले. आणि घरी गेले बू-सालेमच्या गाडीत, मांडीवर रिकामं पातेलं घेऊन.

तिने जपून वापरली असती तरी मी गप्प बसले असते. खोटं बोलतेय, नसते बसले. पण काय केलं तिने माझ्या पांढरीचं? वाळवंटात हिवाळ्याचा तंबू ठोकलाय त्यांनी, तिथे सामान न्यायला लावली. कोळसा नेतात तिच्यातून. कोळसा. एकदा मी बू-सालेमच्या गाडीत, तर सिग्नलला माझ्या शेजारी येऊन थांबली, बघते तर मागच्या सीटवर बोकड, आणि त्याला पट्टा लावलेला. बोकडाने माझ्याकडे असं बघितलं, की ही बाई पायी का नाही जात. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. त्याच सिग्नलला मी ठरवलं, हिची जिरवायची.

बू-सालेम म्हणाले, “जाऊ दे ना, भावाची बायको आहे.” मी बोलले नाही. रात्रीही बोलले नाही, दुसऱ्या दिवशीही बोलले नाही, नुसती त्यांच्यासमोर बसून राहिले, तेव्हा म्हणाले, “बरं बाई, तू दुसरी घे, हवी ती घे, मी देतो.”

गेले शोरूमला. तिथे एक एली म्हणून लेबनानी गृहस्थ, टाय, अत्तर, दर वाक्याला मदाम. त्याने दोन गाड्या पुढे आणल्या, एक हिरवी आणि एक पिवळी. दोन्ही सारख्याच वेगवान, दोन्ही पापणी लवायच्या आत शंभरावर. हिरवीत बसले तर काय सांगू, सीटने पाठ अशी धरली की आईने धरावी, आवाज कसा तर मांजर झोपल्यासारखा, आरसेसुद्धा माझ्याकडे बघून आपोआप वळले. मनात म्हटलं नौरिया, हीच. आणि मग मला सबीका दिसली. हिरवीत बसलेली सबीका, सुखात. म्हटलं, नाही.

कारण मी काय ठरवलं होतं, नीट ऐका. सबीकाला सवय लागलीय. नवी गाडी दिसली की ती नावाजणार, मी म्हणणार तुझीच आहे, ने की, ती नेणार. नेऊ दे. पण अशी गाडी नेऊ दे, की तिचं गुडघ्याचं ऑपरेशन पुन्हा करावं लागलं पाहिजे. आणि भेट मिळालेली गाडी विकता येत नाही, परत करता येत नाही, रोज बसायचं आणि रोज माझी आठवण काढायची.

तेव्हा मी एलीला विचारलं, “या पिवळीत पाठ दुखते का?”

“छे मदाम, अजिबात नाही.”

“मग नको.”

तो गोंधळला. “म्हणजे... थोडी दुखते मदाम.”

“थोडी म्हणजे किती? उठताना कुणाचा हात लागतो का?”

“लोक तक्रार करतात मदाम,” तो हळूच म्हणाला, कारण मालक मागे उभा होता, “फार खाली आहे. गतिरोधकावर पोट घासतं. आणि आवाजाचं म्हणाल तर शेजारी भांडायला येतात.”

“सामान किती राहतं?”

“एक पर्स मदाम. लहान.”

“बोकड?”

बिचारा वळून मालकाकडे बघायला लागला. पण मी बसून बघितली. आत शिरायचं म्हणजे आधी बूड टाकून द्यायचं, मग पाय एकेक करून आत ओढून घ्यायचे, गुडघे हनुवटीला. बाहेर निघायला एलीने एक हात धरला आणि मालकाने दुसरा. इतका आनंद मला माझ्या लग्नात झाला नव्हता. म्हटलं, हीच बांधा. आणि हिरवीकडे मी जाताना मागे वळून बघितलं, ते मात्र खरं.

शुक्रवार आला. मी पिवळी घेऊन अंगणात शिरले, खिडक्या थरथरल्या, कबुतरं उडाली. मी उतरले, म्हणजे पडले, पण हसत पडले, आणि किल्ली मुठीत, वाक्य जिभेवर. सबीका आली. एक फेरी मारली. सीटकडे बघितलं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं. आणि काय म्हणाली? “हं.” म्हणाली. “रंग जरा जास्तच आहे, नाही?” आणि आत गेली जेवायला.

हं. एवढा खटाटोप केला, आणि हं. मी तिथेच उभी, मुठीत किल्ली घेऊन, आणि काठी टेकत सासूबाई आल्या. गाडीवरून हात फिरवला. “माशाल्लाह,” म्हणाल्या, “किती गोड आहे गं नौरिया. लिंबासारखी.”

आणि माझं तोंड... माझं तोंड मला विचारत नाही हो. “तुमचीच आहे, न्या की,” म्हणून मोकळं झालं. मला काही भीती वाटली नाही, चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला पळणारी गाडी कशाला हवीय?

“बरं,” म्हणाल्या सासूबाई. आणि हात पुढे केला.

“पण यम्मा, तुम्हाला चालवता कुठे येते?”

“तू चालव की. तुला आता कुठे शाळेत जायचंय?”

तेव्हापासून रोज सकाळी मी त्यांच्या दारात. मासळीबाजार, जमइयाचं किराणा दुकान, सासऱ्यांची कबर, आणि मग समुद्राकाठच्या रस्त्याने दोनदा वर, दोनदा खाली. त्या चिमणीसारख्या, टुणकन आत, टुणकन बाहेर, अडकते ती मी. आणि त्यांनी एवढं तरी म्हणावं की जरा हळू, आवाज फार होतो... तर नाही. “अजून जोरात,” म्हणतात, “मला ऐकू येते अशी ही एकच गाडी आहे.” रस्त्यावरची पोरं खिडक्या खाली करून त्यांना सलाम ठोकतात, त्या राणीसारखा हात हलवतात. माझ्याकडे कुणी बघत नाही. ड्रायव्हरकडे कोण बघतं?

आता हे सलाम सबीकाने बघितले. मग तिला वाटलं, आपलं चुकलंच. पुढच्या शुक्रवारी सासूबाईंच्या गळ्यात पडून काय लाडात म्हणते, “यम्मा, काय गाडी आहे तुमची, माशाल्लाह.” सगळं घर घास हातात धरून थांबलं.

सासूबाईंनी घास चावला, गिळला, आणि म्हणाल्या, “हो. माझी आहे.”

बस. एवढंच. छत कोसळलं नाही. कुणी मेलं नाही. मला माहीतच नव्हतं हो, की असंही म्हणता येतं. सबीकाचं तोंड असं झालं होतं, की मी भात दोनदा वाढून घेतला. पण घरी गेल्यावर वाटलं, तिची जिरवली ती सासूबाईंनी, माझं उट्टं राहिलंच की अजून.

आणि मग तिने काय करावं? नवऱ्याच्या मागे लागून नवी गाडी घेतली. कुठली? हिरवी. मी सोडलेली हिरवी. माझ्या नाकावर टिच्चून अंगणात आणून लावली, ती मांजर झोपल्यासारखा आवाज करत. मला जेवण गेलं नाही. आणि मग तिथेच, ताटावर बसल्याबसल्या, डोक्यात उजेड पडला. अगं नौरिया, आता नावाजायची पाळी तुझी.

आठवडाभर आरशासमोर उभी राहून हात पुढे करायची सवय केली मी. नुसता हात. असा. बू-सालेमने विचारलं, भीक मागायचं ठरवलंयस का. शुक्रवारी सगळे अंगणात आहेत असं बघून मोठ्याने म्हणाले, “माशाल्लाह सबीका, काय गाडी आहे गं.”

तिचा रंगच उडाला. मी काय करणार ते तिला कळलं, पण करते काय, सगळे बघत होते, सासूबाईंची जपमाळ थांबली होती. म्हणाली, “तुझीच आहे... ने की.” आणि किल्ली पुढे केली. किल्ली, बायांनो, माझ्या डोळ्यांसमोर. माझी पांढरी, तो कोळसा, तो बोकड, सगळ्याचा हिशेब वीतभर अंतरावर. हात तेवढा पुढे करायचा होता.

आणि मी म्हणाले, “नाही गं. तुलाच शोभते.”

मी नाही बोलले. देवाशपथ मी नाही, माझी आई कबरीतून येऊन बोलली. सबीकाने मूठ अशी मिटली, की विंचू पकडावा. बू-सालेम दाढीत तोंड खुपसून हसले, त्यांचं वेगळं बघते मी. आणि सासूबाई गाडीत बसल्यावर माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुझं काही खरं नाही, नौरिया.” वाईट वाटलं मला. रडले मी, सिग्नलला, पिवळीत, गुडघे हनुवटीला टेकलेलेच होते म्हणून रडायला सोयीचं पडलं.

तेव्हापासून त्या मला शिकवतात. रोज. सिग्नल लाल झाला की म्हणतात, “म्हण, माझी आहे.” मी म्हणते, माझी आहे. “पुटपुटू नको, मला ऐकू येत नाही.” माझी आहे. “हसायचं नाही म्हणताना.” माझी आहे. आता जमायला लागलंय, सफाईने जमतं, सबीकाने एकदा माझं काहीही नावाजून बघावं, हिजाबची पिन नावाजावी, मी वाटच बघतेय तिची...

हा बघा हॉर्न. सासूबाई. आल्यात ना माझ्याबरोबर, पण आत नाही आल्या, एसी लावून गाडीतच बसल्यात. मला एकटीला गाडीजवळ सोडत नाहीत त्या, कुणी नावाजली तर मी देऊन टाकीन म्हणतात. आले यम्मा, आले. धरा गं मला जरा... आणि तू काय मघापासून, लुलवा, हो, बघ ना, जुनी घडण आहे, माझ्या आईची आहे ही बांगडी. आवडली? माशाल्लाह म्हणालीस ना? तुझीच आहे, ने की.

...

लुलवा, हात मागे घे. म्हण ना, नाही गं, तुलाच शोभते... म्हण की गं.

बरं. साबण आण थोडा. घट्ट बसते ती.