बाबाचा दगड

हसू नका, मी खरंच गाढवपणा केला. मुंबईत ग्रॅनाइट बसवायचं काम करतो ना, त्याचाच माज.

आपल्याकडे माणूस गेला की त्याच्या नावाने काळा दगड उभा करून शेंदूर लावतात. बाबाने जन्मभर खाणीत दगड फोडले, आणि त्यातला एक स्वतःसाठी अंगणात आणून ठेवला होता. बाबा गेल्यावर मला त्या ओबडधोबड दगडाची लाज वाटली. तो मी खडीवाल्याच्या ट्रॅक्टरमध्ये टाकला. एका स्मारकाच्या कामातून उरलेला, आरशासारखा चकचकीत ग्रॅनाइट आणून उभा केला.

आईने तेलात कालवलेला शेंदूर लावला. तो ओघळला. परत लावला, परत ओघळला.

"यात माझंच तोंड दिसतंय रं," ती म्हणाली. "बाबाचा दगड कुठंय?"

"मोखाड्याच्या रस्त्यात गेला. खडी झाली त्याची."

आता बाजाराला जाताना जीप त्या नव्या रस्त्याला लागली, की आई वाकून चपला काढते आणि मांडीवर घेते.

ड्रायव्हर मला विचारतो, "म्हातारीचे पाय दुखतात का?"

मी हो म्हणतो.